नव्वदची एक, साठची एक

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताई पन्नाशीच्या आहेत. त्यांचे वडील गेल्या वर्षी गेले. मागे दोन कपाटं भरून कॅसेट, काही सीडी आणि एक हार्ड डिस्क राहिली आहे. कॅसेट मोजल्या तर ३४० भरल्या. एका कपाटात बहुतेक खुनाच्या आणि तपासाच्या कादंबऱ्या, दुसऱ्यात आत्मचरित्रं आणि आठवणी. काही विकत घेतलेली ऑडिओबुक्स आहेत, पण निम्म्याहून जास्त रेडिओवरची अभिवाचनं, वडिलांनी स्वतः टेप केलेली. दृष्टी अधू झाल्यावर शेवटची बारा वर्षं ते फक्त ऐकत होते.

थोरला भाऊ म्हणतो, "हे सगळं ॲपवर मिळतं. भंगारात देऊन टाक. आणि बाबा वाचत कुठे होते, नुसते कानाला लावून पडून असायचे." ताईंना वाटतं, सगळं डिजिटल करून जपलं पाहिजे आणि प्रत्येक कॅसेट एकदा तरी ऐकली पाहिजे. वर्षभरात अकराच ऐकून झाल्या. रात्री लावतात आणि झोप लागते. एका कॅसेटमध्ये वाचन चालू असताना दार लागल्याचा आवाज आला, मागून वडिलांचा खोकला. त्या दिवसापासून टेपरेकॉर्डर बंदच आहे. त्या विचारतात, "हा संग्रह मोडला तर मी बाबांना टाकून दिल्यासारखं होईल का? आणि एवढ्या मवाळ माणसाला इतके खून कशाला लागायचे?" शेवटी एक छोटासा प्रश्न आहे. कितीतरी कॅसेट रबर लावून जोडीजोडीने ठेवल्या आहेत, एक ९० मिनिटांची आणि एक ६० मिनिटांची. त्या सोडवून नव्वदच्या एकीकडे आणि साठच्या एकीकडे लावाव्यात का?

उत्तर

ताई,

रबरांचा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता विचारलाय. मी तिथूनच सुरुवात करते. त्या जोड्या फोडू नका.

रेडिओवरच्या अभिवाचनाचं एक जुनं माप आहे. एक भाग पंधरा मिनिटांचा, आठवड्यातले पाच दिवस, दोन आठवडे. बीबीसीचं रात्री झोपायच्या आधीचं पुस्तकवाचन १९४९ मध्ये सुरू झालं, तेही बहुतेकदा याच मापाचं असतं. म्हणजे एका कादंबरीचे दहा भाग. पंधरा दाहे दीडशे. आता नव्वद आणि साठ मिळवून बघा. नव्वदच्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे तीन भाग. दोन्ही बाजू मिळून सहा. साठच्या कॅसेटवर एका बाजूला दोन, एकूण चार. दहाही भाग बसले, एकही मध्येच तुटला नाही आणि फीत वाया गेली नाही. दोन नव्वदच्या घेतल्या असत्या तर अर्धा तास कोरा राहिला असता. १२० मिनिटांची कॅसेटही मिळायची, पण तिची फीत फार पातळ, जेमतेम ९ मायक्रॉनची. ती ताणली जाते, गुंतते, आत अडकून बसते. साठच्या कॅसेटची फीत जवळजवळ दुप्पट जाड असते. तुमच्या बाबांना हे आधीपासून माहीत होतं की दोन-चार कॅसेट गुंतल्यावर कळलं, ते सांगता येणार नाही. पण त्या जोड्या हिशेबाने लावलेल्या आहेत. नव्वदच्या एकीकडे आणि साठच्या एकीकडे केल्यात, तर प्रत्येक कादंबरीचा शेवट तिच्यापासून तुटेल. रहस्यकथेत ते किती वाईट, हे वेगळं सांगायला नको.

रबर मात्र आजच काढा. जुनं रबर चिकट होतं आणि लेबलावरची अक्षरं घेऊन निघतं. प्रत्येक जोडी कागदाच्या पाकिटात घाला आणि पाकिटावर क्रमांक टाका.

हे मी एवढ्या विस्ताराने सांगितलं, कारण तुम्ही आणि तुमचे दादा दोघंही एकच गोष्ट गृहीत धरताय. ही पुस्तकं आहेत, फक्त कॅसेटवर आहेत, असं. दादा म्हणतात, पुस्तकं दुसरीकडे मिळतात, मग हे कशाला? तुम्ही म्हणता, पुस्तकं आहेत, टाकायची कशी? माझ्या मते ही पुस्तकं नाहीत. ही वाचनं आहेत. एका विशिष्ट माणसाने, विशिष्ट दिवशी, विशिष्ट लांबीत केलेली. पुस्तक दुकानात पुन्हा मिळतं. वाचन मिळेलच असं नाही.

थोडा हिशेब मांडते. माणूस नीट, सावकाश वाचतो तेव्हा मिनिटाला साधारण दीडशे शब्द होतात. नव्वद हजार शब्दांची कादंबरी संपूर्ण वाचायला दहा तास लागतात. ॲपवर दादांना जे सापडेल ते बहुधा हे दहा तासांचं. रेडिओच्या दहा भागांत सुरुवातीची आणि शेवटची उद्घोषणा वजा केली, तर जेमतेम वीस-एकवीस हजार शब्द मावतात. म्हणजे पाचातले जवळजवळ चार हिस्से कुणीतरी काढून टाकलेले असतात, आणि तरी कथा उभी राहते. संक्षेप करणाऱ्याचं हे काम फार कसबाचं आहे. आठवणींच्या पुस्तकातून एखादा मामा, एखादं गाव, एखादी शाळा गळली तरी बोलणारा माणूस शाबूत राहतो. खुनाच्या कादंबरीत तसं चालत नाही. एक संशयित काढला की त्याच्यामुळे उभा राहिलेला संशय जातो, आणि संशय गेला की उरलेल्यांतला खुनी उघडा पडतो. तीन संशयितांवर कादंबरी तोलून धरायची, खरा धागा ठेवायचा आणि खोट्यांपैकी पुरेसे ठेवायचे, हे ज्याने केलं त्याचं नाव शेवटच्या उद्घोषणेत पाच सेकंद येतं आणि पुढे कुठेच छापलं जात नाही. असं संक्षिप्त वाचन पुढे बाजारात विकायला आलं असेल तर उत्तम. पुष्कळदा येत नाही, कारण त्याचे हक्क प्रसारणापुरतेच घेतलेले असतात.

ॲपबद्दल आणखी एक. तिथे 'विकत घेतलं' असं आपण म्हणतो, पण बहुतेक ठिकाणी आपल्याला मिळतो तो ऐकण्याचा परवाना. तो साधारणपणे वारसाला देता येत नाही, आणि प्रकाशकाने हक्क काढून घेतले तर ते ऑडिओबुक दुकानातून नाहीसंही होऊ शकतं. मी स्वतः ॲपवर रोज ऐकते, मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त कपाटातली कॅसेट आणि ॲपवरचं नाव एकच आहे असं धरून कुणी कॅसेट टाकू नये. आधी वाचणाऱ्याचं नाव जुळतंय का बघावं, मग एकूण लांबी.

आता "बाबा वाचत कुठे होते" याबद्दल. हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा उतरवलंय, म्हणजे ते लागलंय. दादांना सांगण्यासारखं एक-दोन आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी काही माणसांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या आणि एकदा वाचायला दिल्या, आणि दोन्ही वेळा मेंदूची छायाचित्रं घेतली. शब्दांच्या अर्थाला मेंदूचे जे भाग प्रतिसाद देतात, त्यांचे नकाशे दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच निघाले. पण मला त्याहून जास्त पटतो तो इतिहास. ऑडिओबुक हा प्रकार मुळात जन्मालाच आला तो ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंध वाचकांसाठी 'बोलकी पुस्तकं' सुरू झाली, त्यामागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांची मोठी गरज होती. ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे २५ मिनिटं, एका कादंबरीला साधारण दहा तबकड्या. आणि सुरुवातीलाच जी पुस्तकं निवडली, त्यांत ॲगाथा ख्रिस्तीची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी होती. म्हणजे ज्यांची दृष्टी गेली होती त्यांना सर्वांत आधी जे ऐकायला मिळालं, त्यात एक खून होता.

तुमचे बाबा त्या रांगेत बसतात. दृष्टी गेल्यावर त्यांनी वाचन सोडलं नाही.

मवाळ माणसाला खून कशाला, हा तुमचा प्रश्न मला दोन दिवस सोडेना. मी तुमच्या बाबांना ओळखत नव्हते, त्यामुळे मी सांगते ते फक्त दोन कपाटांवरून. एकात खून, एकात आठवणी, हे तुम्हाला दोन टोकांचं वाटतंय. मला ते एकाच माणसाचे दोन हात वाटतात. दोन्हीकडे कुणीतरी साक्ष देत असतं. काय घडलं, कुणासमोर घडलं, आणि आता सांगताना तो माणूस काय गाळतोय. वर सांगितलेली ती ख्रिस्तीची कादंबरीसुद्धा एका गावातल्या डॉक्टरने 'मी' म्हणून सांगितलेली हकीकत आहे, म्हणजे खून आणि आठवण दोन्ही एकत्रच. कानाने ऐकणाऱ्याला तर साक्ष तोलण्याचा जास्तच सराव होतो. त्याला शेवटचं पान उलटून बघता येत नाही, मागची दहा पानं पटकन चाळता येत नाहीत. जे ऐकलं ते लक्षात ठेवावं लागतं आणि आवाज कुठे किंचित बदलला ते पकडावं लागतं. चांगला अभिवाचक खुन्याचं बोलणं इतरांइतकंच सरळ वाचतो, कारण आवाजात तसूभर फरक पडला तरी कसलेला कान ओळखतो. आठवणी लेखकाने स्वतः वाचल्या असतील, तर त्याचा आवाज हाच पुरावा. काही वाक्यं तो घाईने उरकतो. तिथे काहीतरी असतं. मवाळ माणसं पुष्कळदा चांगली ऐकणारी असतात, आणि चांगल्या ऐकणाऱ्याला याहून समृद्ध असं फारसं काही मिळत नाही. माझं उत्तर एवढंच आहे. तुम्हाला याहून खरं कळेल, कारण तुम्ही त्यांच्यासोबत राहिलात.

आता काय करायचं ते. तुमच्यासारखी पत्रं मला अधूनमधून येतात, म्हणून इतरांच्याही उपयोगाचं थोडं सविस्तर लिहिते.

तुम्हाला वाटतं कॅसेट सर्वांत नाजूक आहेत. माझ्या मते पहिला नंबर हार्ड डिस्कचा. कॅसेट हळूहळू खराब होते, आवाज घोगरा होत जातो, तुम्हाला सूचना मिळते. वर्षानुवर्षं न लावलेली हार्ड डिस्क एके दिवशी फिरतच नाही आणि त्यासोबत सगळं जातं. म्हणून हे वाचून झालं की ती जोडा आणि आहे तसं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फाइलींची नावं, फोल्डरची मांडणी, काहीही बदलू नका. नीटनेटकं करायचं काम नंतर, आणि तेही कॉपीवर. दुसरा नंबर घरी रेकॉर्ड केलेल्या सीडींचा. त्यांच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उजेडाने, उष्णतेने उडतो. विकत घेतलेल्या, कारखान्यात छापलेल्या सीडी बऱ्याच टिकतात, त्या शेवटी घेतल्या तरी चालेल.

कॅसेटना हात लावण्याआधी एक वही घ्या. प्रत्येक कॅसेटसाठी पुस्तकाचं नाव, लेखक, वाचणारा, संक्षेप कुणाचा, केंद्र, तारीख, भाग किती. बाबांचं लेबल जसं आहे तसंच उतरवा, चुकीचं वाटलं तरी. आणि एक गोष्ट या वहीत जरूर हवी, जी कुणी सांगत नाही. कॅसेटच्या खिडकीतून फीत कुठे थांबलीय ते बघा. पूर्ण एका बाजूला आहे, मध्यावर आहे, की शेवटाला थोडी उरलीय. कॅसेटला वाचनखूण लागत नाही, फीत जिथे थांबते तीच खूण. बाबांनी शेवटचं कुठे थांबवलं ते तिथे अजून आहे, आणि तुम्ही रिवाइंड केलंत की ते पुसलं जाईल. आधी टिपा, मग रिवाइंड करा.

ही वही पुरी झाल्यावर तुमचा निम्मा प्रश्न आपोआप सुटेल, कारण तीन ढीग दिसायला लागतील. काही विकत घेतलेली ऑडिओबुक्स असतील, जी त्याच अभिवाचकाच्या आवाजात, तेवढ्याच लांबीची आजही मिळतात. ती मोकळ्या मनाने द्या. काही विकतचीच, पण आता न मिळणारी. आणि काही रेडिओवरून घरी उतरवलेली. खरा संग्रह हा तिसरा ढीग. पूर्वी टेप महाग असायची, म्हणून अनेक प्रसारण संस्था जुनी रेकॉर्डिंग पुसून तीच टेप पुन्हा वापरत. २००१ मध्ये बीबीसीने श्रोत्यांनाच आवाहन केलं होतं की आमचे हरवलेले कार्यक्रम तुमच्या घरी असतील तर कळवा, आणि लोकांच्या माळ्यांवरून, कपाटांतून कितीतरी परत मिळाले. तुमच्याकडे असं काही निघेलच असं मी म्हणत नाही. पण वहीतल्या तारखा आणि केंद्रांची नावं घेऊन त्या केंद्राच्या संग्रहालयाला एक पत्र जरूर लिहा. खोकी पाठवू नका, यादी पाठवा.

ग्रंथालयांनाही आधी विचारा. कॅसेट वाजवायचं यंत्रच नाही म्हणून बरीच ग्रंथालयं त्या घेत नाहीत, आणि न विचारता दारात ठेवलेली खोकी शेवटी भंगारातच जातात. अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांचंही तसंच. त्यांना बहुतेक वेळा वेगळ्या, प्रकरणागणिक उडी मारता येणाऱ्या स्वरूपातली पुस्तकं लागतात, आणि २०१३ च्या माराकेश कराराने (हा अंध वाचकांसाठीच्या पुस्तकांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) त्यांना प्रती करण्याची जी सवलत दिलीय ती अधिकृत संस्थांपुरती आहे. विकत घेतलेली कॅसेट किंवा सीडी वस्तू म्हणून तुम्ही कुणालाही देऊ शकता. रेडिओवरून उतरवलेलं मात्र इंटरनेटवर चढवू नका, प्रती काढून वाटू नका. त्यात लेखकाचा, संक्षेप करणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचाही हक्क असतो. घरच्या ऐकण्यापुरत्या प्रतीचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते आपापल्या ठिकाणचे बघून घ्या.

डिजिटल करणं. इथे मी तुम्हाला थोडं अडवणार आहे. कॅसेट घाईने उतरवता येत नाही, ती जेवढी आहे तेवढाच वेळ लागतो. सरासरी सव्वा तास धरला तर ३४० कॅसेटचे ४२५ तास. रोज अर्धा तास दिला तर ८५० दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षांहून जास्त, एकही दिवस न चुकवता. ताई, हे कर्तव्य म्हणून अंगावर घेतलंत तर तुम्ही तिसऱ्या महिन्यात त्या कपाटाचा रागराग करायला लागाल. म्हणून फक्त तिसरा ढीग उतरवा, आणि ऐकत ऐकत उतरवा. ऐकणं आणि उतरवणं ही दोन कामं नाहीतच, तोच तो वेळ आहे.

यंत्र चांगलं हवं. कॅसेट टाकली की थेट पेनड्राइव्हवर उतरवणारी हलकी यंत्रं मिळतात, पण त्यांत वेग डळमळतो आणि माणसाचा आवाज लगेच लडखडल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा दुरुस्त केलेला जुना डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं मोठं यंत्र, घ्या आणि वायरने संगणकाला जोडा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची दोन नखं आधी मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्ड होणार नाही. फितीमागे एक छोटा नमद्याचा तुकडा असतो, त्याचा गोंद वाळून तो गळला असेल तर आवाज बसका येतो. तो दुसऱ्या कॅसेटमधून काढून लावता येतो. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळत नसतो. दुरुस्ती करणाऱ्याला एवढं सांगितलं की कळतं.

तुम्ही लिहिलंय की काही कॅसेटमध्ये शब्द यायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते, आणि तुम्हाला भीती वाटली. तो फितीचा स्वभाव आहे. गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटतं. कॅसेटच्या वेगाला एक वेढा म्हणजे साधारण दीड ते तीन सेकंद, म्हणून शांततेत पुढचं वाक्य तेवढं आधी, अगदी बारीक येऊन जातं. संगीतात ते दबून जातं, अभिवाचनातल्या विरामात उघडं पडतं. कॅसेट दोन-तीनदा शेवटपर्यंत पुढे-मागे फिरवली की थोडं कमी होतं. पूर्ण जात नाही.

मूळ प्रत न दाबलेली (अनकॉम्प्रेस्ड) ठेवा. मोनोमध्ये तासाला सुमारे ३१८ एमबी, म्हणजे सगळेच्या सगळे ४२५ तास उतरवले तरी १३५ जीबीच्या आसपास. रोज ऐकायला एमपी३ करा, ६४ केबीपीएस मोनो माणसाच्या बोलण्याला पुरतं. आणि फाइलींना क्रमांक देताना १, २, ३ असे देऊ नका. ०१, ०२, ०३ असे द्या. माझ्या मामांच्या सीडी मी एकाकडून उतरवून घेतल्या होत्या. त्याने साधे आकडे टाकले. माझ्या प्लेअरने पहिल्या भागानंतर दहावा लावला, कारण त्याच्या लेखी १ नंतर १० येतो. एका सुंदर तपासकथेचा शेवट मी दुसऱ्या भागाच्या जागी ऐकला आणि ती कथा मला पहिल्यांदा ऐकण्याचा आनंद कधीच मिळणार नाही. एक शून्य लावायचं राहिलं म्हणून.

प्रती तीन ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. ती घराबाहेरची प्रत दादांकडे द्या. ऐकायची सक्ती नको, नुसती सांभाळायला. वाद घालून जे होणार नाही ते कदाचित कपाटातल्या एका डब्यामुळे होईल.

झोपेबद्दल तुम्ही फार अपराधी वाटून घेताय. रेडिओवरचं हे वाचन झोपण्याच्या वेळेसाठीच केलेलं असतं. फक्त निवड बदला. रात्री आठवणी लावा. एखादं पान निसटलं तरी माणूस सकाळी तिथेच भेटतो. खुनाची कथा चालताना, घड्या घालताना, हात गुंतलेले आणि कान मोकळे असताना. आणि आठवणी कधीही वेग वाढवून ऐकू नका, असं माझं ठाम मत आहे. त्या माणसाने जिथे थांबायचं ठरवलं तिथे त्याला थांबू द्यावं.

सगळं ऐकलंच पाहिजे का? तुम्ही गृहीत धरलंय की बाबांनी सगळं ऐकलं होतं. मला शंका आहे. टेप करणारा माणूस पुष्कळदा कार्यक्रमाच्या वेळी घरी नसतो म्हणून टेप करतो, आणि नंतर ऐकायचं राहून जातं. वहीत बघा, किती कॅसेट अगदी सुरुवातीलाच थांबलेल्या निघतात. त्यातल्या काही रिवाइंड करून ठेवलेल्या असतील, काही उतरवल्यानंतर पुन्हा लावल्याच गेल्या नसतील. तुमच्याआधी त्यांनाही कपाट पुरतं संपलेलं नसेल, आणि त्यांनी त्याचा त्रास करून घेतल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही.

राहिला तो खोकला. ज्या कॅसेटमध्ये खोलीतले आवाज येतात, ती रेडिओसमोर माइक ठेवून टेप केलेली असणार. वायर लावून किंवा रेडिओ आणि टेप एकाच यंत्रात असताना केलेल्या कॅसेटमध्ये दार ऐकू येत नाही. म्हणजे ती बहुधा सुरुवातीच्या काळातली, घरात पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही असा नियम असतानाची. दार कुणी लावलं ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरात त्या वयाचं कोण होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ती कॅसेट सध्या ऐकू नका, पण सर्वांत आधी उतरवा. आवाज बंद ठेवूनही उतरवता येतं, पडद्यावर नुसती लाट सरकत राहते. नंतर कधी ऐकायची ते तुम्ही ठरवा, किंवा दादांसोबत बसून ठरवा.

एक शेवटचं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बार्बरा कोहेन आणि मॅरिॲन रोनी या बावीस वर्षांच्या दोन मैत्रिणींनी डिलन टॉमस या कवीला त्याच्या कविता रेकॉर्ड करायला बोलावलं. कवितांनी तबकडीची एक बाजू भरली, दुसरी रिकामी राहिली. मग त्याने लहानपणीच्या वेल्समधल्या नाताळच्या आठवणी वाचल्या, ज्यांची मुळं त्याच्या रेडिओवरच्या एका जुन्या भाषणात होती. बोलक्या साहित्याचा व्यवसाय पुढे उभा राहिला त्यात या उरलेल्या बाजूचा वाटा मोठा आहे.

तुमच्या दुसऱ्या कपाटात, आठवणींच्या, जोड्या नसतील. रेडिओवर आठवणी बहुधा एका आठवड्यात, पाच भागांत संपतात. पाच भाग म्हणजे पंच्याहत्तर मिनिटं, एक नव्वदची कॅसेट. पहिल्या बाजूला तीन भाग, दुसऱ्या बाजूला दोन, आणि त्यानंतर पंधरा मिनिटं उरतात. फीत वाया जाऊ नये म्हणून नव्वद आणि साठची जोडी लावणाऱ्या माणसाने ती पंधरा मिनिटं कोरी सोडली असतील असं मला वाटत नाही. पाचवा भाग संपून उद्घोषणा झाली की लगेच बंद करू नका. शेवटपर्यंत चालू द्या.